मोटारयुद्धाचे पत्ते : अंगण खरेच वाकडे आहे काय?

पत्त्यांचा डाव हरलेल्या माणसाचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते. 'पानेच आली नाहीत, त्याला मी काय करणार?' असे तो म्हणतो आणि जिंकलेला गडी गालातल्या गालात हसत पत्ते पिसायला घेतो. रमी असो, मेंढीकोट असो वा ब्रिज, हा संवाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण जणू अशा गड्यांसाठीच जन्माला आली असावी. परंतु कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते, हेही तितकेच खरे. हरणाऱ्याची चूक कोठे संपते आणि खेळाची चूक कोठे सुरू होते, हा प्रश्न आता सतरंजीवरून संगणकाच्या पडद्यावर गेला आहे, आणि तेथे खेळाडूंनी दिलेल्या उत्तरावर अनेक लहान निर्मात्यांची रोजीरोटी अवलंबून आहे.

हा प्रश्न विशेष ठळकपणे दिसतो तो एका चमत्कारिक वाटणाऱ्या खेळप्रकारात. संस्कृती लयाला गेली आहे, शहरे ओसाड पडली आहेत, इंधनाच्या थेंबाथेंबासाठी माणसे एकमेकांच्या जिवावर उठली आहेत. उरला आहे तो लांबच लांब रस्ता आणि त्यावर धावणारी, पत्रे ठोकून व बंदुका बसवून सजवलेली मोटार. येथवर सारे ओळखीचे वाटते. परंतु ही मोटार चालवायची ती स्टिअरिंग फिरवून नव्हे, तर हातातील पाने टाकून! एका पानाने वेग वाढतो, दुसऱ्याने शेजारच्या गाडीला धडक बसते, तिसऱ्याने गोळीबार होतो. पोलंडमधील 'द नाइट्स ऑफ युनिटी' या स्टुडिओचा 'डेथ रोड्स : टूर्नामेंट' हा या जातीचा एक नमुना. अशा खेळांविषयी खेळाडूंत सहसा दोन तट पडतात. एकाला त्यात बुद्धीचा कस लागतो, तर दुसऱ्याला केवळ नशिबाचा. दोघेही खेळतात तोच खेळ. मग मते इतकी वेगळी का? त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी या खेळाची दोन कुळे पाहिली पाहिजेत.

विनाशानंतरचा रस्ता

पहिले कूळ चित्रपटाचे. ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांचा 'मॅड मॅक्स' १९७९ साली पडद्यावर आला. मिलर हे मूळचे डॉक्टर. रुग्णालयात काम करताना मोटार अपघातांत जखमी झालेली माणसे त्यांनी जवळून पाहिली होती. १९७३ च्या तेलसंकटात पेट्रोलसाठी माणसे कशी वागतात, याचा अनुभवही ताजा होता. १९८१ च्या 'मॅड मॅक्स २' या दुसऱ्या भागाने वाळवंट, टोळ्या, इंधनाचे टँकर आणि भंगारातून उभ्या केलेल्या गाड्या यांचे जे चित्र रंगवले, ते पुढे या साऱ्या प्रकाराचा नकाशाच ठरले. २०१५ च्या 'फ्युरी रोड'ने सहा ऑस्कर पारितोषिके मिळवून ते चित्र नव्या पिढीपर्यंत पोचवले.

खेळांच्या जगातही ही कल्पना लवकरच रुजली. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील स्टीव्ह जॅक्सन गेम्स या कंपनीने 'कार वॉर्स' हा टेबलावरचा खेळ आणला. त्यात खेळाडूने ठरावीक पैशांत आणि वजनाच्या मर्यादेत आपली गाडी स्वतः बांधायची असे. चिलखत जाड केले तर बंदूक हलकी घ्यावी लागे, आणि दोन्ही हवे असतील तर वेग गमवावा लागे. या खेळातील एका फेरीत रस्त्यावरचा अवघा एक सेकंद उलटत असे. म्हणजे काही सेकंदांची लढाई संपवायला खेळणाऱ्यांची आख्खी संध्याकाळ खर्ची पडे. त्यानंतर १९८६ साली 'थंडर रोड', १९८८ साली 'डार्क फ्युचर' असे टेबलावरचे खेळ आले. १९९५ च्या 'ट्विस्टेड मेटल'ने शस्त्रसज्ज गाड्यांची झुंज घरच्या दूरचित्रवाणी संचावर, प्लेस्टेशनच्या साहाय्याने, प्रत्यक्ष वेगात आणली.

या इतिहासातून खेळाडू एक अपेक्षा घेऊन येतो. मोटारयुद्ध म्हटले की त्याला वेग हवा असतो, गाडीचा तोल जाण्याची भीती हवी असते, क्षणात घेतलेला निर्णय हवा असतो. 'कार वॉर्स'च्या काळापासून निर्मात्यांपुढची अडचणही हीच आहे : विचार करायला वेळ दिला तर वेग मरतो, आणि वेग दिला तर विचार मरतो. २०१९ साली 'डार्क फ्युचर'वर आधारित संगणकीय खेळ आला, तेव्हा त्यात काळाची गती मंदावून हुकूम देण्याची सोय करण्यात आली होती. पत्त्यांचा वापर हा याच कोड्यावरचा दुसरा तोडगा आहे.

आपला कॅट आपण बांधायचा

दुसरे कूळ पत्त्यांचे. आपल्या रमीत बावन्न पाने सर्वांना समान. परंतु डोनाल्ड एक्स. वॅकारिनो यांच्या २००८ च्या 'डोमिनियन' या खेळाने वेगळीच वाट दाखवली. येथे प्रत्येक खेळाडूचा कॅट स्वतंत्र असतो. आरंभी त्याच्याकडे दहाच सामान्य पाने असतात. दरवेळी पाच पाने हाती येतात, त्यांच्या बळावर नवी पाने विकत घ्यायची आणि ती आपल्याच कॅटमध्ये मिसळायची. खेळता खेळता कॅट बांधणे हाच खेळ झाला. २००९ साली जर्मनीतील 'श्पील डेस यारेस' हे मानाचे पारितोषिक त्याला मिळाले.

संगणकावर या कल्पनेला बहर आणला तो 'स्ले द स्पायर'ने. मेगा क्रिट या छोट्या अमेरिकी स्टुडिओने हा खेळ नोव्हेंबर २०१७ मध्ये अपूर्णावस्थेत विक्रीला ठेवला आणि जानेवारी २०१९ मध्ये तो पूर्ण करून प्रसिद्ध केला. त्याने पत्त्यांच्या बांधणीची सांगड १९८० च्या 'रोग' या जुन्या संगणकीय खेळाच्या परंपरेशी घातली. या परंपरेत मार्ग दरवेळी नव्याने रचला जातो आणि एकदा मेलात की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. मोटारयुद्धाच्या पत्तेखेळांनी आपला साचा बहुतांशी येथूनच उचलला आहे. त्यामुळे नवख्या खेळाडूने पहिल्या काही डावांत हरणे हा अपघात नसतो. तशी रचनाच असते. हे ठाऊक नसलेला ग्राहक मात्र तासाभरात तीन वेळा हरला की आपली फसवणूक झाली, असे समजतो.

नशिबाचे दोन प्रकार

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घेतला पाहिजे. खेळातले नशीब दोन ठिकाणी बसलेले असू शकते : निर्णयाच्या आधी किंवा निर्णयाच्या नंतर. रमीत तेरा पाने हाती येतात तेव्हा नशीब आपले काम करून मोकळे झालेले असते; पुढे त्या पानांचे काय करायचे, हा खेळाडूचा निर्णय. (उचलायच्या पानांत नशीब पुन्हा डोकावते, पण तेही पुढच्या निर्णयाआधीच.) याउलट, आधी निर्णय घ्यायचा आणि मग फासे टाकून तो फळाला आला की नाही हे ठरवायचे, यात नशीब नंतर येते. नेम धरला, बंदूक झाडली आणि 'नव्वद टक्के खात्री' असूनही गोळी चुकली, तर खेळाडूच्या मनाला ते लागते.

आकडे पाहिले तर त्यात अन्याय काहीच नसतो. नव्वद टक्के खात्रीचे दहा नेम धरले, तर त्यांपैकी निदान एक तरी चुकण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के असते. परंतु माणसाचे मन गणिताने चालत नाही. 'नव्वद टक्के' हा शब्द ऐकताच तो त्याचा अर्थ 'जवळजवळ नक्की' असा करतो, आणि चुकलेली एक गोळी त्याला लागलेल्या नऊ गोळ्यांहून अधिक काळ आठवते.

पत्तेखेळांचे आकर्षण आहे ते येथे. त्यांत नशीब प्रामुख्याने निर्णयाच्या आधी येते. 'स्ले द स्पायर'मध्ये तर दर फेरीला पाच पाने आणि ती खेळायला सर्वसाधारणपणे तीन एकक शक्ती मिळते. शिवाय पुढची चाल हल्ल्याची की बचावाची, हे शत्रूच्या डोक्यावर आधीच दिसते. नशीब क्रूर असले तरी ते तोंडावर सांगून येते. हरल्यावर खेळाडू मागे वळून पाहतो तेव्हा त्याला स्वतःचीच चूक सापडते : अमुक पान उगाच घेतले, तमुक वेळी बचाव करायला हवा होता. तो चडफडतो आणि पुन्हा खेळायला बसतो. जो खेळ हरल्यानंतर कारण दाखवतो, त्याच्याकडे माणूस परत जातो.

ब्रेकचे पान हाती नसेल तर?

आता मोटारीकडे वळू. समजा, कॅटमध्ये ब्रेकचे एकच पान आहे आणि दर फेरीला पाच पाने हाती येतात. दहा पानांचा कॅट असेल तर नव्याने पिसल्यावर पहिल्याच हातात ते येण्याची शक्यता ५० टक्के. खेळाडूने हौसेने नवी पाने घेऊन कॅट वीस पानांचा केला, तर ती २५ टक्क्यांवर येते. तीस पानांचा केला, तर सुमारे १७ टक्क्यांवर. पाने वाढली म्हणजे ताकद वाढली, असे नवख्याला वाटते. वस्तुतः गरजेचे पान हाती येणे दुर्मीळ होत जाते. म्हणूनच मुरलेले खेळाडू पान घेण्याइतकेच ते नाकारण्याला, आणि असलेले काढून टाकण्याला महत्त्व देतात. ज्याला कॅट सडसडीत ठेवता येतो, त्याला नशीबही थोडे अधिक साथ देते.

हे गणित तलवारबाजाच्या बाबतीत पटते. ऐन वेळी ढाल वर करणे जमले नाही, असे म्हणता येते. परंतु मोटार चालवणाऱ्या माणसाचा पाय सदैव ब्रेकवरच असतो! समोर दरड आली आहे, वेग भरधाव आहे, आणि ब्रेकचे पान कॅटच्या तळाशी आहे म्हणून गाडी थांबवता येत नाही, हे मनाला रुचत नाही. येथे खेळाडूची तक्रार केवळ 'पाने वाईट आली' एवढीच नसते. 'हे गाडीसारखे वाटत नाही' अशी असते. ही तक्रार अधिक गंभीर मानली पाहिजे, कारण ती अंगणाविषयी आहे.

यावरचा एक चांगला मार्ग म्हणजे पाने गाडीच्या सुट्या भागांना जोडणे. विशिष्ट इंजिन बसवले तर त्याची पाने कॅटमध्ये येतात; बंदूक काढली तर तिची पाने जातात. गॅरेजमध्ये घेतलेला निर्णय रस्त्यावर हातात दिसतो. 'कार वॉर्स'मधील गाडी बांधण्याची जुनी मजा येथे पत्त्यांच्या रूपाने परत येते. ब्रेकचे पान आले नाही, तर दोष कोणाचा, हेही कळते : स्वस्तातले ब्रेक बसवून सारे पैसे तोफेवर उधळले ते आपणच.

परंतु प्रत्येक तोडग्याची किंमत असते. एका भागाबरोबर चार पाने येत असतील आणि त्यांतले एकच उपयोगाचे असेल, तर उरलेली तीन वागवावी लागतात. पत्त्यांच्या कुळातून आलेल्या खेळाडूला ही बंधने जाचतात. पानन्‌पान निवडण्याचे आपले स्वातंत्र्य गेले, कॅट आपला राहिला नाही, असे त्याला वाटते. मोटारींच्या कुळातून आलेल्याला मात्र नेमके तेच आवडते, कारण त्याच्या दृष्टीने तो कॅट बांधत नसून गाडी बांधत असतो. एकाच गुणाला एक जण दोष म्हणतो आणि दुसरा भूषण. मतांतील फुटीचे एक मोठे कारण हे आहे. दोघेही प्रामाणिक आहेत. ते फक्त वेगवेगळ्या दारांतून आत आले आहेत.

वेगाचा प्रश्नही असाच. माइक हचिन्सन यांच्या २०१७ च्या 'गॅसलँड्स' या टेबलावरच्या खेळात लहान मुलांच्या खेळण्यातल्या मोटारी वापरतात. त्यातली युक्ती पाहण्यासारखी आहे. गाडी जितक्या वरच्या गिअरमध्ये, तितक्या अधिक चाली तिला मिळतात. पण वेगात वळणे घेताना धोक्याच्या सोंगट्या साठत जातात आणि सहा साठल्या की गाडीचा ताबा सुटतो. घड्याळ न लावता, घाई न करता, केवळ नियमांतून वेगाचा मोह आणि भय दोन्ही उभे राहतात. पत्त्यांच्या मोटारयुद्धाकडूनही खेळाडूची अपेक्षा हीच असते. जेथे गिअर बदलल्याने पानांचा अर्थ बदलतो, धडक मारताना स्वतःचीही गाडी चेपते, रस्त्याचा कोणता पट्टा धरला यावर डाव फिरतो, तेथे खेळाडू कौतुक करतात. जेथे गाडीचे केवळ चित्र असते आणि पाने मात्र तलवार व ढालीचीच, नाव बदलून आणलेली असतात, तेथे ते लवकर कंटाळतात.

कौल कसा वाचावा?

संगणकीय खेळांच्या विक्रीत 'स्टीम' हे व्हॅल्व्ह या अमेरिकी कंपनीचे दालन अग्रगण्य आहे. तेथे २०१३ पासून ग्राहकांना आपला अभिप्राय लिहिता येतो. पद्धत सोपी आहे : अंगठा वर किंवा अंगठा खाली, मधले काही नाही. अनुकूल अभिप्राय ७० ते ७९ टक्के असतील तर 'बहुतांशी अनुकूल', ४० ते ६९ टक्के असतील तर 'संमिश्र', अशा अर्थाचे शेरे खेळाच्या नावापुढे झळकतात.

आपल्याकडे टक्के म्हटले की गुणपत्रिका आठवते, आणि घोटाळा होतो तो येथेच. ७२ टक्के म्हणजे खेळाला शंभरपैकी ७२ गुण मिळाले, असे नव्हे. शंभरांतील ७२ जणांनी 'घ्यायला हरकत नाही' असे म्हटले, एवढाच त्याचा अर्थ. त्या ७२ जणांना खेळ अत्यंत आवडला असेल किंवा जेमतेम बरा वाटला असेल. ज्या खेळात दोन कुळे एकत्र आली आहेत, त्याच्याबाबत तर 'संमिश्र' या शेऱ्याचा अर्थ अनेकदा 'सुमार' असा नसून 'काहींसाठी उत्तम, काहींसाठी नकोसा' असा असतो. एकच शेरा दोन अगदी निराळ्या गोष्टी सांगू शकतो.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे तास. प्रत्येक अभिप्रायापुढे लिहिणाऱ्याने किती तास खेळ खेळला, हे नोंदलेले असते. २०१५ पासून स्टीमवर विकत घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास, पैसे परत घेऊन टाकता येतो. ग्राहकाच्या दृष्टीने ही सोय न्याय्यच आहे. परंतु हळूहळू उलगडणाऱ्या पत्तेखेळात दोन तास म्हणजे मोजके काही डाव. दीड तास खेळून 'सारे नशिबावर आहे' असे लिहिणाऱ्याचे म्हणणे खोटे नसते. ते त्याच्या दीड तासापुरते खरे असते. शंभर तास खेळून 'आता त्यात नवे काही उरले नाही' म्हणत अंगठा खाली करणाऱ्याचे म्हणणेही असेच जपून वाचावे. शंभर तास ज्याने रमवले, तो खेळ वाईट कसा? मात्र वीस-पंचवीस तास खेळलेले, जिंकू लागलेले खेळाडू जेव्हा हाताबाहेरच्या पराभवांची तक्रार एकसुरात करतात, तेव्हा निर्मात्याने कान टवकारले पाहिजेत.

तिसरी गोष्ट तारखेची. पुष्कळ खेळ अपूर्णावस्थेत विक्रीला येतात आणि अभिप्राय वाचून दुरुस्त केले जातात. जुन्या अभिप्रायातील दोष आज शिल्लक असेलच, असे नाही. 'स्ले द स्पायर'च्या निर्मात्यांनी अपूर्णावस्थेच्या त्या चौदा महिन्यांत खेळाडू काय म्हणतात, याबरोबरच ते प्रत्यक्षात काय करतात, याचीही नोंद ठेवली. कोणते पान किती जण घेतात, ते घेणारे किती वेळा जिंकतात, कोणता शत्रू अनेकांचा घात करतो, हे आकडे पाहून त्यांनी पानांचे बळ कमी-अधिक केले. त्यांतील अँथनी जिओव्हानेट्टी यांनी २०१९ साली सॅन फ्रान्सिस्कोतील खेळनिर्मात्यांच्या परिषदेत या पद्धतीवर व्याख्यान दिले. तक्रार ऐकायची, पण निकाल देण्यापूर्वी अंगण मोजायचे, असा हा मार्ग आहे.

मोठ्या कंपनीला संमिश्र कौल पचवता येतो. चार-सहा जणांच्या स्टुडिओसाठी तो पुढचा खेळ निघेल की नाही, याचा निर्णय ठरू शकतो. म्हणून अभिप्राय लिहिणाऱ्यावर थोडी जबाबदारी येते. आपण हरलो हे लिहिण्यापेक्षा, कशामुळे हरलो हे आपल्याला कळले का, ते लिहिणे अधिक उपयोगाचे. कारण कळले असेल तर खेळाने आपले काम केले आहे. तीन-चारदा हरूनही ते कळले नसेल, तर दोष बहुधा खेळाचा आहे आणि तसे ठामपणे लिहायला हरकत नाही.

पत्त्यांच्या टेबलावर मुरलेल्या गड्याची एक सवय असते. डाव संपला की तो उरलेली पाने उलटून पाहतो : हवे असलेले पान कोठे होते, आपण थांबलो असतो तर आले असते का? त्या उलटलेल्या पानांत कधी त्याला स्वतःची घाई दिसते, तर कधी काहीच करण्यासारखे नव्हते, हे पाहून तो निर्धास्त होतो. विनाशानंतरच्या त्या काल्पनिक रस्त्यावर गाडी उलटल्यानंतरही खेळाडूला तेवढीच मुभा हवी असते. पाने वाईट आली तर तो सोसतो. पाने उलटून पाहू दिली नाहीत, तर मात्र तो खेळ सोडून उठतो.